चार वाजताचा पेशंट

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नसणार. आमच्या घरात दोन पिढ्यांची पोटं दात कोरूनच भरली. आधी बाबा डेंटिस्ट, मग माझा धाकटा भाऊ. दोघांच्याही दवाखान्याचं रजिस्टर मी सांभाळलं. सव्वीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या टेबलामागे, एक पेन्सिल, एक खोडरबर आणि एक फोन घेऊन बसते आहे. पेशंट मला ताई म्हणतात. माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगायची गरज नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत तीन बाकं आणि भिंतीवर हसणाऱ्या दाढेचं एक चित्र. दाढ कशाला हसेल, पण बाबांनी लावलं ते राहिलं. मधे आतल्या खोलीचं दार, दाराशेजारी चहाचा कप जाईल एवढी सरकती खिडकी. आतल्या खोलीला मागच्या जिन्यावर उघडणारं आणखी एक दार आहे. एरवी ते बंदच असतं.

माझ्या रजिस्टरात अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आहेत. रकान्यात लिहिलं ते होतं, लिहिलं नाही ते होत नाही. एकदा एक बाई गाल धरून आल्या आणि म्हणाल्या, "ताई, फार ठणकतंय हो, जीव जातोय." मी पानं उलटून म्हटलं, "गुरुवारपर्यंत ठणकेल ना? मग गुरुवारी साडेअकराला या." लोक मला कठोर म्हणतात. पण मी नसते तर या दवाखान्याचा बाजार झाला असता, हे बाबांनी स्वतः कबूल केलं होतं, आणि बाबा सहसा काही कबूल करत नसत.

आता भावाबद्दल. लहानपणी आम्ही त्याला बारक्या म्हणायचो. आता तो पावणेसहा फूट उंच आहे आणि कानावरचे केस पिकलेत, तरी घरात बारक्याच. पेशंटसमोर मात्र मी त्याला डॉक्टर म्हणते. बारक्याचे हात लहानपणापासून कधी स्वस्थ नसत. खडू दिला की खडूचा ससा व्हायचा, साबण दिला की साबणाचं कासव. आमच्या घरात कासवाने अंग घासायची सगळ्यांना सवय होती. बाबा त्याचे हात बघून म्हणायचे, "हात सोन्यासारखा आहे. दात कोर." त्याने दात कोरले. बावीस वर्षं कोरले आणि उत्तम कोरले. त्याने बसवलेली कवळी तोंडात असली तरी माणूस विसरून जातो आणि घरभर शोधत बसतो.

पण गेली दोन-तीन वर्षं तो फार चिडका झाला होता. पेशंटने तोंड उघडलं की "एवढं नको", मिटलं की "एवढ्यात कशाला मिटलंत?" एका सभ्य गृहस्थाला तो म्हणाला, "तुम्हाला जीभ आहे हे मला दिसतंय, सारखी मधे आणून दाखवू नका." घरी जेवायच्या टेबलावर तो भिंतीकडे बघत बसायचा, असं माझी भावजय सांगायची. मग एका दुपारी तो टेबलाशी येऊन उभा राहिला. नाकाशी पेन फिरवत म्हणाला, "ताई, मला रोज एक तास मोकळा देशील?"

"कशाला?"

"असंच."

"असंच नावाचा पेशंट माझ्या रजिस्टरात नाही," मी म्हटलं. "सकाळी सात पेशंट, दुपारी आठ. मधे जेवायला अर्धा तास देतेच ना? त्यात घे तुझं असंच."

तो पेन खिशाला अडकवून आत गेला. वाद न घालता आत जायची त्याची सवयच आहे, त्यामुळे मीही लक्ष दिलं नाही. आठ दिवसांनी मात्र तो हसतमुख बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, एक नवीन पेशंट आहेत. लिहून घे. रोज चार ते पाच."

"रोज? किती दिवस?"

"सांगता येत नाही. मुळं फार वाकडी आहेत. आणि हे बघ, गृहस्थ मोठे आहेत, लोकांत मिसळायला लाजतात. मागच्या दाराने येतील, मागच्या दाराने जातील. तू भेटायची गरज नाही."

"नाव?"

तो क्षणभर छताकडे बघत राहिला. "नाव नको लिहू. त्यांना आवडत नाही."

शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं. मी ओळखलं नाही. मी 'मागच्या दाराचे गृहस्थ' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि चार वाजताचा रकाना दोन महिने पुढे भरून टाकला. रजिस्टरात लिहिलं गेलं म्हटल्यावर तो माणूस माझ्या लेखी जन्मालाच आला.

पहिल्याच दिवशी चार वाजता आतून मशीनची घरघर सुरू झाली. तीही बाबांच्या वेळच्या जुन्या मशीनची. मी खिडकीतून विचारलं, तर आतून आवाज आला, "नवं पुरत नाही, ताई! दाढ फार चिवट आहे!" ती घरघर पाच वाजेपर्यंत चालली. मधे थांबे, काहीतरी तासल्याचा आवाज येई, की पुन्हा घर्रर्र. बाकांवर चौघे बसले होते. सव्वाचारला एकाला अचानक फोन आला म्हणून तो गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता. साडेचारला दुसऱ्याची दाढ दुखायची थांबली. उरलेल्या दोघांपैकी एक होते भूगोलाचे सर. सर निवृत्त झालेले, वरची कवळी करून घ्यायला आलेले, आणि घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून नेहमी तासभर आधी येणारे. त्यांनी बोट वर केलं.

"ऐका," सर म्हणाले. "मशीन ऐकू येतंय ना? आता माणूस ऐका."

आम्ही कान दिले. माणसाचा आवाज नव्हता. आई नाही, अगं नाही, साधं हुं नाही.

"एक तास!" सर म्हणाले. "माणूस नाही हो, वाघ आहे वाघ!"

त्या दिवसापासून त्या गृहस्थांचं नाव वाघ पडलं. आठवड्याभरात सगळ्या पेशंटांना वाघ माहीत झाला. पाचची वेळ असलेले लोक चारलाच यायला लागले, नुसतं त्याचं न ओरडणं ऐकायला. त्याचा फायदाही झाला. पूर्वी सुई म्हटलं की पायाला पाय लावून पळणारे लोक आता छाती काढून आत जायचे. एक दांडगा ट्रकवाला खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागला, तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं, "लाज वाटू द्या. आत्ताच त्या खुर्चीवरून वाघ उठून गेलाय." तो गप्प बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ताई, खुर्ची अजून गरम होती." माणूस एकदा मानायला लागला की काय काय जाणवतं!

मलाही खरं सांगायचं तर त्या माणसाची माया वाटायला लागली होती. रोज एक तास एवढं सोसायचं, तेही बिचाऱ्याने एकट्याने, मागच्या दाराने. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून दोन कप चहा आत सरकवले. दोन्ही रिकामे परत आले. पाचव्या दिवशी वाटलं, चहा त्या दाढेला सोसत नसेल, म्हणून घरून भाज्यांचं पातळ सूप करून आणलं. वाटी चाटूनपुसून परत आली. "आवडलं त्यांना?" मी विचारलं. "मीठ थोडं कमी चालेल म्हणाले," बारक्या म्हणाला. माझ्या स्वयंपाकात मीठ जास्त असतं ही बारक्याची चाळीस वर्षांची तक्रार आहे. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी दुसऱ्या दिवसापासून मीठ कमी केलं.

बारक्या मात्र बदलला. पाच वाजता बाहेर डोकावायचा तेव्हा त्याचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ दिसायचा. पेशंटांना "या, बसा, घाबरू नका" म्हणायचा. एकदा शीळ घालताना सापडला. आणि ही शीळच माझ्या भावजयीला खटकली. एका शुक्रवारी ती दवाखान्यात आली आणि माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, खरं सांगा. चार वाजता कोण येतं?"

"पेशंट येतो. पुरुष आहे. मुळं वाकडी आहेत."

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहिला नाही. पण माझं सूप रोज पितो."

"ताई, हे गेले पंधरा दिवस घरी येऊन गाणी म्हणतात. पालेभाजी पुढे आली तरी हसतात. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढा खूश कधीच नव्हता. काहीतरी गडबड आहे. अंगाला कसला तरी पॉलिशचा वासही येतो."

मी तिला चोराच्या मनात चांदणं म्हणणार होते, पण चोर ती नव्हती, त्यामुळे म्हण जुळेना. मी तिला एवढंच सांगितलं, की माझ्या रजिस्टरात खोटा पेशंट शिरणं शक्य नाही. असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं, हे लिहिताना आता कान गरम होतात.

पंचविसाव्या दिवशी भूगोलाच्या सरांनी ठराव मांडला, की वाघाचं कौतुक व्हायलाच हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी फुलांचा गुच्छ आणायचं ठरलं. पण माणूस मागच्या मागे पसार होतो, त्याला गाठायचा कसा? त्यावर आमच्या एका पेशंटने, ते बस कंडक्टर आहेत, दुसऱ्या दिवशी मागच्या जिन्यावर उभं राहायची तयारी दाखवली. पाचला दहा मिनिटं कमी असताना ते धापा टाकत पुढच्या दाराने वर आले.

"ताई," कंडक्टर म्हणाले, "साडेतीनपासून उभा आहे. चढलं कुणी नाही, उतरलं कुणी नाही."

आतून तर घरघर चालूच होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सव्वीस दिवस ज्याचा हूं की चूं नाही, तो माणूस आत आहे तरी कसा? जिवंत आहे ना? मी उठले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा न ठोठावता दार उघडलं. माझ्या मागे सर, गुच्छ, कंडक्टर आणि आणखी तिघे.

खुर्ची पूर्ण मागे टेकवलेली होती. वरचा मोठा दिवा लावलेला. आणि दिव्याखाली, पेशंटचं हिरवं फडकं गळ्याला बांधून, एक लाकडी बगळा बसला होता. चांगला हातभर उंच. मान वाकडी करून आमच्याकडेच बघत होता. बारक्या स्टुलावर बसून, दात तपासायचा छोटा आरसा त्याच्या पंखाखाली धरून, वाकून बोलत होता, "झालं हं, आता थोडंच राहिलं."

बारक्याने वर पाहिलं. शेजारच्या तबकात माझी सुपाची वाटी होती, रिकामी.

मग भूगोलाचे सर पुढे झाले. माणूस शिस्तीचा. आणलेला गुच्छ परत कसा न्यायचा, म्हणून त्यांनी तो बगळ्याच्या मांडीवर, म्हणजे जिथे मांडी असती तिथे, ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. वाघ म्हणून ज्याची कीर्ती झाली तो बगळा निघाला, तरी टाळ्या काही कमी पडल्या नाहीत.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं आणि बारक्याला असं फैलावर घेतलं, की भिंतीवरची दाढसुद्धा हसायची थांबली असेल. "तीन आठवडे मी एका लाकडाला सूप पाजलं!" मी ओरडले. "मीठ कमी केलं त्याच्यासाठी!"

"ताई, तुला विचारलं होतं मी. तास दे म्हणून."

"म्हणून माझ्या रजिस्टरात खोटं लिहायला लावलंस?"

"तू फक्त पेशंटलाच वेळ देतेस," तो म्हणाला. "मग मी काय करू?"

यावर मी आवाज वाढवला. मशीन जुनं आहे, पेशंटांसाठी वापरत नाही, खुर्ची रोज स्वच्छ पुसतो, हे त्याने सांगितलं ते ऐकलं न ऐकलं केलं आणि म्हटलं, "उद्यापासून चार वाजता पेशंट. खरे. दात असलेले." मागच्या दाराला मी स्वतः कुलूप घातलं.

भावजयीला सगळं कळलं तेव्हा ती सुटकेचा निःश्वास टाकेल असं मला वाटलं होतं. तर ती आणखीच भडकली. "बाई असती तर भांडता तरी आलं असतं," ती म्हणाली. "आता बगळ्याला काय बोलू?"

पुढचा महिना मी चारचा रकाना खोडून खोडून भरला. बारक्या भांडला नाही. चिडलाही नाही, आणि तेच वाईट होतं. "बरं ताई." "हो ताई." पेशंटला म्हणायचा, "उघडा. मिटा. या." शीळ नाही, ओरडणं नाही. त्याचा हात यंत्रासारखा चालायचा आणि चेहरा दुकानाच्या बंद फळीसारखा. मी मनाशी म्हणायचे, होईल सवय. बाबांनाही झाली होती. मग एकदा मनात आलं, की बाबांना खरंच झाली होती का हे मी कधी विचारलंच नव्हतं. तो विचार मी बाजूला सारला, पेशंट खोळंबले होते.

मग एका मंगळवारी भूगोलाचे सर आले. नवी कवळी घेऊन चारच दिवस झाले होते.

"ताई, कवळी झकास बसली आहे," सर म्हणाले. "फक्त आतून, टाळूच्या बाजूला, जिभेला काहीतरी लागतं. पंख असल्यासारखं."

"पंख कसे असतील, सर?"

"भूगोल शिकवलाय मी चौतीस वर्षं. उंचसखल भाग मला कळतो."

बारक्याने कवळी हातात घेतली, दिव्याखाली उलटी केली आणि तसाच बसून राहिला. मी वाकून पाहिलं. टाळूच्या गुलाबी भागावर, नखाएवढी, एक चिमणी कोरलेली होती. चोच होती, डोळा होता, पंखावरची पिसंसुद्धा वेगवेगळी होती.

मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. तो पांढराफटक पडला होता.

"ताई, हे मी कधी केलं मला आठवत नाही," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. मी कवळी घासत होतो एवढंच मला माहीत आहे."

सरांना आम्ही बाहेर बसवलं. बारक्याने हातमोजे काढले आणि नीट घडी करून ठेवले. हातमोज्यांची घडी कुणी करतं का? "उद्यापासून दवाखाना बंद, ताई," तो म्हणाला. "ज्याच्या हाताला तो काय करतोय ते कळत नाही, त्याने लोकांच्या तोंडात हात घालू नये. आज चिमणी झाली. उद्या जिवंत माणसाच्या हिरडीवर हात गेला तर?"

मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. त्याला मी चालायला शिकवलं, आणि या खुर्चीशी आणून उभंही मीच केलं. आणि आता तो मला निरोप द्यावा तसा बोलत होता. मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, त्यामुळे ते नीट जमलंही नाही, नुसतं नाक गळायला लागलं.

"तुझा चाकू मी सांगितला होता बाबांना," मी म्हणाले. तो बारा वर्षांचा असताना त्याने गादीखाली एक छोटा चाकू ठेवला होता, लाकूड कोरायला. बाबांनी तो काढून घेतला, आणि मग घरात साबणसुद्धा साबणच राहिला. "तुझं बोट कापलं होतं म्हणून सांगितलं. पण खरं म्हणजे तू तासन्‌तास त्यात असायचास आणि मी हाक मारली तर ओ द्यायचा नाहीस, त्याचा मला राग यायचा."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"त्या दिवशी तू तुझ्या वाटचं गोड मला दिलं होतंस. तू स्वतःहून कधी देत नाहीस."

मी रुमालाने नाक पुसलं. मग त्याने असं काही सांगितलं, की ते माझ्या अजून कानात आहे. "मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, ताई. आणि खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस मला बघून डोळे मिटून घेतो. बावीस वर्षं. दिवसातून एक तास मला असं काहीतरी समोर हवं असतं, जे माझ्याकडे बघतं."

मी बाहेर गेले. रजिस्टर उघडलं. दुसऱ्या दिवशी चारला एक वकील होते, परवा एक जोडपं. सगळ्यांना फोन करून वेळा बदलून दिल्या. वकिलांनी वाद घातला, पण वाद घालण्यात ते माझ्यापुढे नवशिके होते. मग चारच्या रकान्यात, वर्षअखेरपर्यंत, मी एकेका पानावर लिहीत गेले: डॉक्टर. खोटं नाव नाही, मागचं दार नाही. पुठ्ठ्यावर पाटीही रंगवली, 'चार ते पाच डॉक्टर स्वतःच्या कामात आहेत', आणि हसणाऱ्या दाढेच्या खाली लावली. आत जाऊन त्याला म्हटलं, "दवाखाना बंद करायचा तर वर्षअखेरीनंतर कर. तोवर तुझी वेळ घेतलेली आहे. न येणाऱ्या पेशंटला मी काय करते, तुला माहीत आहे."

दवाखाना बंद झाला नाही, हे सांगायला नकोच. सरांनी चिमणी घासू दिली नाही. आता ते ओळखीच्या माणसालाच काय, अनोळखी माणसालाही कवळी काढून चिमणी दाखवतात, नको म्हटलं तरी दाखवतात. दोन जणांनी तशीच मागितली. एकाला मासा हवा होता. बारक्याने दोघांनाही नाही म्हटलं आणि चार वाजता आत जाऊन लाकडाचा मासा केला. भावजयीने बगळा घरी नेऊन खिडकीत ठेवला. ती त्याच्याशी बोलत नाही, पण धूळ पुसते.

मला मात्र चार ते पाच काय करायचं ते कळेना. माणसं येत नाहीत, फोन कमी. एवढी वर्षं मी लोकांच्या तासांची वाटणी केली आणि स्वतःच्या वाट्याला तास आला तर तो कुठे ठेवायचा तेच ठाऊक नाही. विणकाम करून पाहिलं, मोजा झाला, दोन्ही बाजूंनी उघडा. शब्दकोडी पाहिली, राग आला. शेवटी मी नुसती चपला काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, आतली घरघर ऐकत बसायला लागले. ते मला आवडतं, हे कळायला दोन महिने लागले.

आणि मग परवाची गोष्ट. चारला पाच मिनिटं कमी असताना माझ्या खालच्या उजव्या दाढेतून जी कळ निघाली ती थेट डोक्यात गेली. दाढ गेले वर्षभर कुरकुरत होती, पण डेंटिस्टच्या घरात जन्म घेऊन मी त्या खुर्चीला इतकी घाबरते, की कुणाला बोलले नव्हते. मी गाल धरला. आत घरघर सुरू झाली.

बाकावर सर होते, कंडक्टर होते, आणखी दोघे होते. सव्वाचारला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ताई, जा ना आत," कंडक्टर म्हणाले. "तुमचाच भाऊ आहे."

"पाचला जाईन."

"अहो, गाल केवढा सुजलाय! आम्ही दार ठोठावू का?"

"दाराला हात लावाल तर पुढची वेळ पुढच्या वर्षी मिळेल," मी म्हटलं. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. अर्धा शब्द गालातच राहिला, पण अर्थ पोचला असावा, कारण ते बसले.

साडेचार. पावणेपाच. दाढ अशी ठणकत होती की मला प्रत्येक ठोका मोजता येत होता. आणि आत मशीन चालत होतं, मधे थांबत होतं, काहीतरी तासलं जात होतं, पुन्हा चालत होतं. एकदा शीळ ऐकू आली. मला इतकं दुखत होतं आणि तरी मला बरं वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला साठीला टेकल्यावर समजलं. माझ्या तोंडून हूं की चूं बाहेर पडलं नाही. सर माझ्याकडे फार आदराने बघत होते.

पाचला दार उघडलं. बारक्या केसांतला भुसा झटकत बाहेर आला आणि माझा गाल बघून जागीच थांबला.

"ताई! कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच," मी म्हटलं. "दोन मिनिटं झाली."

त्याने बाकाकडे पाहिलं. सर छताचा अभ्यास करायला लागले. कंडक्टर खिशात काहीतरी शोधत होते. चौघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

त्याने मला दंडाला धरून आत नेलं, खुर्ची पुसली आणि त्यात बसवलं. दिवा पेटला. मी डोळे मिटणार होते, मग आठवलं आणि उघडे ठेवले. त्याच्या भुवईवर लाकडाचा एक बारीक कीस अडकला होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"दार का नाही ठोठावलंस?" त्याने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. त्याची दोन बोटं माझ्या तोंडात होती.